तळ्यातला मासा का मरतो?

आपण श्वास घेतो हवेत, जेवतो ताटात, पाणी पितो माठातले, आणि अंग धुतले की ते पाणी मोरीवाटे बाहेर जाते. माशाचे तसे नाही. त्याची हवा, त्याचे ताट, त्याचा माठ आणि त्याची मोरी, सारे काही तळ्यातले तेच एक पाणी. म्हणून माशाचे आरोग्य, त्याचा आहार आणि त्याचा शरीरधर्म ही पुस्तकात तीन वेगवेगळी प्रकरणे असली तरी तळ्यात ती एकमेकांत मिसळलेली असतात. खाणे जास्त पडले की श्वास कोंडतो, श्वास कोंडला की रोग लागतो, रोग लागला की खाणे तसेच पडून राहते आणि पाणी आणखी नासते. हे चक्र कसे फिरते आणि ते कुठे थांबवता येते, याचा विचार आज करायचा आहे.

आपला वाशिम जिल्हा १९९८ च्या जुलैत अकोल्यातून वेगळा झाला. समुद्र आपल्यापासून दूर, मोठी बारमाही नदीही नाही. पैनगंगा, अडाण, काटेपूर्णा या नद्या पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहतात आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत उरतात. तरीसुद्धा एकबुर्जी, सोनल, अडाण असे प्रकल्प आहेत, गावोगावचे पाझर तलाव आहेत, आणि अलीकडे शेताशेतांत शेततळी झाली आहेत. तलाव बहुधा भोई समाजाच्या सहकारी संस्था ठेक्याने घेतात. शेततळ्यात शेतकरी स्वतःच रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतो. बोटुकली म्हणजे बोटाएवढे झालेले पिल्लू. त्याच्या आधीच्या, जिऱ्याच्या दाण्याएवढ्या अवस्थेला आपल्याकडे मत्स्यजिरे म्हणतात. शब्द मोठा गोड आहे, आणि नेमकाही.

मी शिकवतो अर्थशास्त्र. मग माशांवर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावाहून एकाच प्रकारच्या भांडणाची वार्ता कानावर येते, आणि त्या भांडणात पैसा, नाती व शेजारधर्म तिन्ही बुडतात. श्रावणातली सकाळ असते. चार दिवस सूर्य दिसलेला नसतो. राखणदार तलावावर जातो, तो पाण्यावर पांढरी पोटे तरंगताना दिसतात. दोन दोन किलोचे कटले कडेला लागलेले. घटकाभरात गाव जमते, आणि पहिले वाक्य ठरलेले असते, ‘कुणीतरी औषध टाकलं!’ मग कालपरवा धुऱ्याला लागून कोणी फवारणी केली, कुणाशी ठेक्यावरून बाचाबाची झाली होती, याचा शोध सुरू होतो. कधी प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जाते. आणि पुष्कळदा, मी पुष्कळदा म्हणतो, नेहमी नव्हे, औषध कोणीच टाकलेले नसते. मासे गुदमरून मेलेले असतात.

पाण्यातला प्राणी पाण्यात गुदमरतो हे ऐकायला चमत्कारिक वाटते खरे. पण आकडे पाहा. एक लिटर हवेत प्राणवायू सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. तीस अंश तपमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. म्हणजे आपल्याला जेवढा मिळतो त्याचा पस्तिसावा हिस्सा देखील माशाच्या वाट्याला नाही. शिवाय पाणी हवेपेक्षा जड, ते तोंडात घेऊन कल्ल्यांतून ढकलण्यातच त्याची बरीच शक्ती खर्च होते. आणि एक अडचण अशी की पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, तर माशाची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढत जाते. उत्पन्न घटावे आणि त्याच महिन्यात घरी पाहुणे यावेत, तसाच हा प्रकार.

निसर्गाने यावर तोडही काढली आहे. माशाचे गालफड उचलले की आत तांबड्या झालरी दिसतात, त्या म्हणजे कल्ले. पाणी झालरींवरून एका दिशेने वाहते आणि त्यांच्यातले रक्त बरोबर उलट दिशेने. दोन्ही एकाच दिशेने वाहिली असती तर निम्म्या वाटेवर देवघेव संपली असती. उलट दिशेमुळे शेवटपर्यंत पाण्यात रक्तापेक्षा प्राणवायू अधिक राहतो, आणि मासा पाण्यातला बहुतेक प्राणवायू पिळून घेऊ शकतो. ताजा मासा ओळखताना आपण कल्ला लाल आहे का ते पाहतो. ती लाली म्हणजे हे रक्त.

आता रात्री काय होते ते पाहू. तळ्याचे पाणी हिरवट दिसते ते त्यातील सूक्ष्म शेवाळामुळे. हे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते. दुपारी तीन-चारच्या सुमारास पाण्यात त्याची चैन असते. पण सूर्य मावळला की कारखाना बंद, आणि तेच शेवाळ स्वतः श्वास घेऊ लागते. तळाचा गाळ, कुजणारे शेण, न खाल्लेली ढेप, त्यांवर वाढणारे जंतू, आणि मासे, सगळे एकाच कोठारातून खातात. पहाटे कोठार सर्वांत रिकामे. नेहमीच्या दिवशी उजाडले की भरती सुरू होते. परंतु आभाळ चार दिवस झाकलेले असले, वारा पडलेला असला, तर कालची भरती पुरी झालेलीच नसते. त्यात एखादे दिवशी दाट शेवाळ एकाएकी मरते, हिरवे पाणी तपकिरी दिसू लागते, आणि ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. कार्प जातीच्या माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असला तर बरे. तो तीनच्या खाली गेला की ते बेचैन होतात, आणि एकच्या खाली गेल्यावर फार वेळ टिकत नाहीत.

मग विष आणि गुदमरणे यांत फरक कसा करावा? प्रयोगशाळा दूर असते, पण डोळे जवळ आहेत. पहिली गोष्ट वेळ. मासे पहाटे ते सकाळच्या दरम्यान मेले, आणि आदल्या रात्री ते पाण्यावर तोंड काढून आ वासत होते, तर संशय प्राणवायूवर. विषाला घड्याळ नसते, ते भर दुपारीही मारते. दुसरी गोष्ट आकार. प्राणवायू संपला की बहुधा मोठे मासे आधी जातात, कारण त्यांची गरज मोठी. कीटकनाशक पडले की लहान पिल्ले आधी मरतात. तिसरी गोष्ट मरळ. तळ्यात मरळ किंवा मागूर असतील आणि ते जिवंत असतील, तर ती साक्ष मोलाची आहे. या जाती पृष्ठभागावर येऊन सरळ हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून रोहू-कटला मेल्यावरही त्या तगतात. विषाने मात्र बहुधा सर्वांनाच घेरले असते. चौथी खूण बारीक आहे. स्वच्छ पेल्यात तळ्याचे पाणी घेऊन उजेडाकडे धरा. पाण्यातले टिकलीएवढे कीटक टुणटुण उड्या मारताना दिसले तर कीटकनाशकाचा संशय पुष्कळ कमी होतो, कारण कीटकनाशकाने सर्वांत आधी मरायचे ते हेच. एका खुणेवरून निवाडा करू नये. तीन-चार खुणा एकाच बाजूला बोट दाखवीत असतील तरच बोलावे.

याचा अर्थ फवारणीचे औषध निरुपद्रवी आहे असा कोणी घेऊ नये. कापूस, सोयाबीन आणि तूर यांचा हा मुलूख, इथे फवारणी भरपूर होते. एंडोसल्फान हे औषध माशांना अतिशय घातक होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली देशभर बंदी घातली. पण सायपरमेथ्रिनसारखी जी औषधे माणसाला आणि बैलाला तुलनेने कमी बाधतात, तीच माशाला भयंकर बाधतात. आपले शरीर त्यांचे चटकन तुकडे करून टाकते, माशाला ते जमत नाही. क्लोरपायरीफॉसच्या जातीची औषधे आणखी निराळ्या वाटेने मारतात. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप गेला की तो निरोप पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. हे औषध त्या पुसणाऱ्यालाच बांधून ठेवते. निरोप पुसलाच जात नाही, स्नायू थरथरत राहतो, मासा वेडावाकडा पोहतो, गिरक्या घेतो आणि मरतो. मेलेल्या माशाच्या मेंदूत हे पुसणारे द्रव्य किती उरले हे शास्त्रज्ञ मोजू शकतात. म्हणून खरोखर विषाचा संशय असला तर भांडत बसू नये. नुकताच मेलेला मासा बर्फात, पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत घालून, त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे. दोन दिवस उन्हात पडलेला मासा कशाचीही साक्ष देत नाही. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये, हे तर सांगायलाच नको. आणि एक गंमत पाहा. तणनाशकाने मासा थेट न मेला तरी तळ्यातले शेवाळ मरते, ते कुजते, आणि मासा शेवटी प्राणवायूवाचूनच मरतो. अशा वेळी दोन्ही पक्ष खरे ठरतात!

मासे आ वासताना दिसले तर करायचे काय? त्या दिवशी खाद्य बंद, शेणखत बंद. पंप लावून तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात फवाऱ्यासारखे सोडा, म्हणजे ते हवा घेऊन पडेल. विहिरीचे पाणी असेल तर तेही उंचावरूनच टाका, कारण खोल विहिरीच्या पाण्यात स्वतःचाच प्राणवायू कमी असतो. काहीच नसले तर दोघातिघांनी पाण्यात उतरून फांद्यांनी पाणी झोडपावे. हे दुपारी नव्हे, पहाटे करायचे असते. झोपमोड होईल, पण ठेका वाचेल.

आता ताटाकडे वळू, कारण पहाटेच्या या संकटाचे मूळ बहुतेक वेळा आदल्या महिन्याच्या ताटात असते. मत्स्यपालनात खाद्य विकत घालायचे म्हटले की एकूण खर्चाचा अर्ध्याहून अधिक भाग खाद्यावर जातो. एवढा खर्च करून जे पाण्यात पडते ते माशाच्या अंगी किती लागते आणि तळाशी किती कुजते, हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे आणि शरीरशास्त्राचाही.

रोहू, कटला, मृगळ यांना खरे म्हणजे पोटच नसते. पोट म्हणजे आपल्यासारखी जठराची पिशवी. त्यांच्या जबड्यात दात नसतात, दात असतात घशात. घशातल्या दातांनी रगडलेला घास सरळ लांबच लांब आतड्यात जातो. गाय एकदा भरपेट खाऊन सावकाश रवंथ करते. पिशवीच नसलेल्या माशाला तशी साठवण करता येत नाही. म्हणून सकाळी एकदाच घमेलेभर ढेप ओतण्यापेक्षा तेवढीच ढेप दोनतीन वेळा थोडी थोडी द्यावी. टोपलीत किंवा भोके पाडलेल्या गोणीत घालून बांबूला बांधावी, आणि तासा-दोन तासांनी गोणी वर काढून पाहावी. ढेप उरली असेल तर उद्या कमी घालावी. हा हिशेब राखणदाराला येतो, त्यासाठी पदवी लागत नाही.

पण किती या प्रश्नाइतकाच काय हाही प्रश्न आहे. मोठ्या होणाऱ्या कार्प माशाच्या खाद्यात प्रथिने शेकडा २५ ते ३० असावीत, लहान पिल्लांना त्याहून जास्त. प्रथिन हा एकच पदार्थ नव्हे. ती अनेक मण्यांची माळ आहे, आणि त्यांतले दहा मणी माशाला स्वतः बनवता येत नाहीत, ते बाहेरूनच यावे लागतात. अमेरिकेत जॉन हॅल्व्हर या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ च्या सुमारास सॅमन माशांना अगदी मोजूनमापून तयार केलेले खाद्य दिले, त्यातून एकेक मणी काढून घेतला, आणि कोणता काढल्यावर वाढ थांबते हे पाहिले. दहांवर वाढ थांबली. उंदीर आणि मासा यांची गरज या बाबतीत सारखीच निघाली. भुईमुगाच्या ढेपेत यांतला लायसिन नावाचा मणी कमी असतो. सोयाबीनमध्ये तो चांगला असतो, तिथे मेथिओनिन कमी पडते. माळेत एक मणी कमी असला की उरलेले मणी वाया जातात, आणि वाया गेलेले प्रथिन शेवटी अमोनिया होऊन त्याच पाण्यात येते. म्हणून दोन-तीन तऱ्हेच्या ढेपा आणि भाताचा कोंडा यांचे मिश्रण एका ढेपेपेक्षा चांगले. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन रगड पिकते, आणि तेल काढल्यावर उरलेल्या सोयाढेपेत शेकडा ४५ च्या आसपास प्रथिने असतात. मात्र कच्चे सोयाबीन दळून तळ्यात टाकू नये. त्यात प्रथिन पचवणाऱ्या रसाला अडवणारे एक द्रव्य असते. नीट भाजले किंवा उकडले की ते नष्ट होते. सरकीची ढेप स्वस्त पडते, पण तिच्यात गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, म्हणून तिचा भाग थोडाच ठेवावा.

बुरशी लागलेल्या ढेपेची हकीकत मी मुद्दाम सांगतो, कारण ‘जनावरं खात नाहीत, मग तळ्यात टाका’ असे म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. १९६० साली अमेरिकेतील ट्राउट माशांच्या केंद्रांत हजारो मासे यकृताच्या कर्करोगाने आजारी निघाले. मासे दिसायला लठ्ठ, आणि यकृतावर गाठी. पाणी तपासले, बीज तपासले. अखेर दोष सापडला खाद्यातल्या सरकीच्या पेंडीत. तिला बुरशी लागली होती आणि त्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार केले होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, ते भुईमुगाच्या पेंडीतल्या याच विषाने. आज आपण शेंगदाण्याला बुरशी लागली तर खाऊ नका म्हणून सांगतो, त्या ज्ञानात माशांचाही वाटा आहे. ढेप पावसाळ्यात ओलीत ठेवू नये, आणि कुबट वास आला तर ती माशालाही घालू नये.

जीवनसत्त्वांतही माशाची आणि आपली एक गाठ आहे. गाय, म्हैस, बकरी ‘क’ जीवनसत्त्व आपल्या शरीरातच बनवतात. माणसाला ते बनवता येत नाही, आणि बहुतेक काटेरी माशांनाही नाही. ते कमी पडले तर पिल्लांची पाठ वाकडी होते. नैसर्गिक तळ्यात शेवाळ आणि बारीक जीव खाऊन ही गरज भागते. पण शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असले की तळाच्या मातीशी पाण्याचा संबंध तुटतो, नैसर्गिक अन्न कमी तयार होते, आणि तळाशी चरणाऱ्या मृगळाची तर पंचाईतच होते. तेथे खाद्य अधिक विचारपूर्वक निवडावे लागते.

मासा थंड रक्ताचा आहे. अंग ऊबदार ठेवण्यात त्याचे अन्न खर्च होत नाही, म्हणून थोड्या खाद्यात तो पुष्कळ वाढतो. पण याची दुसरी बाजू अशी की पाणी गार झाले की त्याची भूक मंदावते. आपल्याकडे पौषात चांगली थंडी पडते. त्या दिवसांत दिवाळीपूर्वीच्या मापाने ढेप टाकणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे, अक्षरशः. न खाल्लेली ढेप कुजते, अमोनिया वाढतो. मासा स्वतःचा अमोनियाही कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. बाहेर आधीच अमोनिया साचला असेल तर आतला बाहेर जाईना. एकाच दारातून प्राणवायू आत यायचा आणि मळ बाहेर जायचा, आणि दारच तुंबले!

आपल्या राज्यात या विषयावर काम करणारे लोक आहेत, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे. मुंबईस वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ती १९६१ साली स्थापन झाली आणि १९८९ पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. तेथे माशाचे पोषण, जीवरसायन आणि शरीरशास्त्र यांचा एक स्वतंत्र विभागच आहे. तेथील डॉ. ए. के. पाल, डॉ. एन. पी. साहू आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग मला फार आवडला. दाटीवाटीत ठेवलेल्या माशाला ताण येतो. ताण आला की रक्तात कॉर्टिसॉल नावाचा स्राव वाढतो, साखर वाढते, वाढ खुंटते, रोगाशी झुंजण्याची ताकद जाते. या मंडळींनी मृगळाच्या बोटुकलीला खाद्यातून ट्रिप्टोफॅन दिले. हा वर सांगितलेल्या दहा मण्यांपैकीच एक. मेंदूत त्यापासून मन शांत करणारे द्रव्य तयार होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे, हे खाद्य खाल्लेल्या पिल्लांत दाटीचा ताण कमी दिसला आणि वाढही सुधारली. म्हणजे खाद्याने केवळ वजन वाढते असे नाही, धीरही वाढतो.

दुसरे ठिकाण बारामतीजवळचे मालेगाव खुर्द. आपले तालुक्याचे मालेगाव नव्हे, हे निराळे. तेथे २००९ पासून उष्णता, अवर्षण, क्षार यांसारख्या ताणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिथे पिकांबरोबर माशांवरही काम चालते. शिसे मिसळलेल्या, चौतीस अंशांपर्यंत तापवलेल्या पाण्यात पंगस मासे ठेवून, खाद्यातून सेलेनियमचे अतिसूक्ष्म कण दिल्यास ते अधिक तग धरतात का, हे तेथील शास्त्रज्ञांनी तपासले. २०१७ साली प्रसिद्ध झालेले उत्तर होकारार्थी होते. कोणी म्हणेल, आम्हांला याचा काय उपयोग? वैशाखात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, शेततळ्यात पाणी कमरेएवढे उरते आणि ते वरून चांगले तापते. तोच ताण तिथे काचेच्या टाकीत मोजला जातो आहे. पण सेलेनियम बाजारातून आणून कोणी तळ्यात टाकू नये. ते जरा जास्त झाले की स्वतःच विष होते.

बोटुकली येते तिथेही शरीरशास्त्राचा उपकार आहे. रोहू-कटला हे नदीचे मासे. तळ्यात ते वाढतात, अंड्यांवरही येतात, पण स्थिर पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाचा लोंढा, वाहते पाणी यांचा निरोप मेंदूला मिळावा लागतो. मग मेंदूच्या तळाशी असलेली दाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी स्राव सोडते, आणि अंडी सुटतात. पूर्वी त्यामुळे बीज नदीतच धरावे लागे, आणि महाराष्ट्रात ते बंगालमधून येई. हीरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने के. एच. अलिकुन्ही यांच्याबरोबर १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगूळ येथे दुसऱ्या माशाची ही ग्रंथी वाटून तिचा अर्क टोचला, आणि तळ्यातल्या कार्प माशाने अंडी दिली. नदीचा निरोप सुईतून पोचवला, असेच म्हणा ना! १० जुलै हा दिवस आता देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज ग्रंथीऐवजी तयार औषधाची सुई देतात, एवढाच फरक.

ते बीज प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून आपल्यापर्यंत येते. चांगला बीजोत्पादक पाठवणीच्या आधी पिल्लांना उपाशी ठेवतो. खरेदीदाराला वाटते, पिल्ले रोडावलेली दिली. तसे नाही. भरल्या पोटी निघालेली पिल्ले पिशवीतच अमोनिया सोडतात आणि वाटेतच गुदमरतात. पिशवी आली की लगेच फोडू नका. पंधरा-वीस मिनिटे तळ्यावर तरंगू द्या, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्या, आणि पिल्ले आपली आपण बाहेर पडू द्या.

रोगांविषयी थोडेच सांगतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे पहिले चिलखत आहे. कोरड्या हाताने, खरखरीत जाळ्याने तो निघाला की बुरशी आणि जंतूंना वाट मोकळी होते. १९८८ साली ईशान्य भारतात शिरलेला व्रणांचा रोग पुढे देशभर पसरला. तो पावसाळा सरून पाणी गार पडते तेव्हा उसळतो, कारण गारठ्यात माशाची प्रतिकारशक्ती मंदावते. त्यावर भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने सिफॅक्स नावाचे औषध काढले. आरगुलस नावाची माशाची ऊ नुसत्या डोळ्यांना दिसते. ती आपली अंडी कठीण वस्तूवर चिकटवते, म्हणून तळ्यात बांबू रोवावेत आणि काही दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवावेत. स्वस्त उपाय आहे, आणि खरा आहे. दुकानदार देईल ते प्रतिजैविक मात्र खाद्यात मिसळू नये. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या औषधांवर मत्स्यपालनात बंदीच आहे.

शिक्षकमित्रांनो, यातील पुष्कळसे वर्गात दाखवता येते. तळ्याच्या कडेला मुलाला कोपरापर्यंत हात पाण्यात सरळ घालायला सांगा. कोपर बुडण्याच्या बरेच आधी तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ अति आहे, ढेप व शेण आवरायला हवे. कोपर बुडूनही बोटे लख्ख दिसत असतील तर पाण्यात अन्न थोडे आहे. दुसरा प्रयोग वर्गातला. रुंद तोंडाच्या बरणीत तळ्याच्याच पाण्यात एक छोटा मासा ठेवा, आणि एका मिनिटात तो गालफड किती वेळा उघडझाप करतो ते मोजा. मग बरणी कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवून, आतले पाणी सावकाश तीन-चार अंश वाढल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, आणि दुसरा मोठा का, हे मुलांनाच विचारा. पाच-सात मिनिटांत प्रयोग आटोपून मासा सावलीतल्या थंड पाण्यात ठेवा, आणि शाळा सुटण्याआधी त्याच्या तळ्यात नेऊन सोडा.